बाबांची नसलेली बंदूक

आर्नप्रायर
५ नोव्हेंबर २०२३

केया,

कणीक मळून झाली होती, वर ताटली झाकली होती. तू जिन्यावर बसून एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होतीस. बाबा टेबलावर जुना पेपर पसरून रायफल पुसत होते आणि मी नेहमीसारखी ओरडले, "ते तेलाचं फडकं माझ्या पोळपाटाजवळ नको." ते म्हणाले, "असू दे गं, पोळीला जरा फोडणी." तू खिदळलीस. मग मी रिसायकलिंगचा ब्ल्यू बॉक्स रस्त्याकडेला नेऊन ठेवला, पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाकलं, तुझा डबा भरला, त्यांचा भरला. गाडीची काच त्यांनीच खरवडली. रायफल पेटीत घालून कुलूप लावलं आणि जाताना म्हणाले, "हरीण मिळालं तर उशीर होईल." हरीण मिळालं नाही. ते चारच्या आत घरी आले आणि आपण तिघांनी उरलेली आमटी संपवली.

तू तेव्हा आठवीत असशील. त्या सकाळी विशेष असं काही झालं नव्हतं. आज घड्याळं एक तास मागे केली, जास्तीच्या तासाचं काय करावं कळेना, आणि ती आठवली.

तू फोन उचलत नाहीस. शंतनु उचलतो. म्हणतो, "आई, गिव्ह हर सम टाइम." नवरा चांगला मिळाला तुला. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे मला माहीत आहे. दर शनिवारी बाबांसमोर बसून रडत रडत शिकलीस. तरी मी मराठीतच लिहिते, कारण इंग्रजीत मी जाहिरातीत जे लिहिलं ते तू वाचलं आहेस.

गेल्या महिन्यात तू आलीस त्या दिवशी दारात नक्की काय घडलं ते मला तेव्हा कळलंच नव्हतं. तू बूट न काढता उभी होतीस. मला वाटलं थँक्सगिव्हिंगला येऊ शकली नाहीस म्हणून अचानक आलीस. मी चहा ठेवायला वळले आणि तू विचारलंस, "आई, हू इज डब्ल्यू टी?"

आता शंतनुने सगळं सांगितलं आहे. उन्हाळ्यात माझ्याकडून रायफल घेणाऱ्या रेनफ्रूच्या गॉर्डनने बाबांच्या निधनाच्या सूचनेतून तुझं नाव शोधलं. त्याच्या बायकोला वाटलं की अशी वस्तू मुलीकडे असावी. त्याने तुला लिहिलं, ‘तुझ्या वडिलांची रायफल माझ्याकडे आहे, तू लायसन्स काढ, मी ती तुला तशीच देईन, एक डॉलर नको.’ तू मार्कहॅमहून पाच तास गाडी चालवत त्याच्या घरी गेलीस, मला न सांगता, मला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून. त्याने कपाट उघडून जी बाहेर काढली ती बाबांची नव्हती. तिच्या लाकडावर W.T. 1961 असं कोरलेलं होतं. गॉर्डनला वाटलं, बाबांनी ती कुणाकडून जुनी घेतली असेल. तुला माहीत होतं की बाबांनी आयुष्यात एकच रायफल घेतली आणि तीही नवी.

तू विचारलंस, "मग बाबांची कुठे आहे?" मी म्हणाले, "तीच होती."  तू म्हणालीस की यापुढे बाबांबद्दल मी काही सांगितलं तर त्यातलं खरं काय मानायचं. आणि गेलीस.

तर खरं हे, की माझ्याकडून जाहिरातीत घोटाळा झाला. तेव्हा घरात दोन बंदुका होत्या, एकीचा मजकूर दुसरीला लागला. बाबांची कुणी घेतली ते आता आठवत नाही. खूप दिवस झाले.

थंडी पडली आहे. विंटर टायर लावून घे.

आई

१९ नोव्हेंबर

केया,

शंतनुचा मेसेज आला. एवढाच: ‘आई, शी फाउंड ऑल ऑफ देम.’

मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. दिवाळीच्या चकल्या तुला पाठवायच्या म्हणून बांधत होते. त्या पाठवल्या नाहीत.

मजकुराची अदलाबदल चौदा वेळा होत नाही. मागच्या पत्रात मी परत खोटं लिहिलं.

त्या जाहिराती अजून दिसतात हे मला ठाऊक नव्हतं. विकली की ‘विकली’ असा शिक्का येतो, मला वाटायचं मिटलं. तू त्या सगळ्या एका बैठकीत वाचल्यास, म्हणजे तुला दिसलंच असेल. प्रत्येक बंदुकीखाली तोच लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट, पहिल्या पगारात तू बाबांना घेतलेला. आणि प्रत्येक जाहिरातीची सुरुवात तीच, ‘माझ्या दिवंगत पतीची रायफल’.

सुरुवात कशी झाली ते सांगते. तू लहान असताना बाबांनी मला हट्टाने बंदुकीचा कोर्स करायला लावला होता. मला काडीचा रस नव्हता. ते म्हणाले, "मला काही झालं तर घरात बंदूक आणि तुझ्याकडे कागद नाही, असं नको." ते गेल्यावर त्यांची रायफल कायद्याने मला ठेवता आली. इथल्या बहुतेक विधवांना ते जमत नाही. नवरा शिकारी, बायकोकडे लायसन्स नाही, आणि तळघरात दोन-तीन बंदुका. त्यांना त्या लवकर घराबाहेर घालवायच्या असतात, आणि कुणाला बोलवावं ते कळत नाही.

पहिल्यांदा पलीकडच्या गल्लीतली एक बाई स्वतःच आली. म्हणाली, "तुझ्याकडे लायसन्सचं कार्ड आहे ना? मग ही घेऊन जा, काय द्यायचं ते दे." मी नेली. जाहिरात कशी लिहावी कळेना. तिने तिच्या नवऱ्याबद्दल जे दोन शब्द सांगितले होते तेच लिहिले, फक्त ‘माझा’ म्हणून. संध्याकाळपर्यंत गेली. घासाघीस नाही. विधवेशी कुणी घासाघीस करत नाही, केया. मी भाव दुप्पट ठेवला होता.

मग मी शोधायला लागले.

मी लायब्ररीत पुस्तकं लावायला जाते ते तुला माहीत आहे. तिथे बायका येतात आणि मला सांगतात, कुणाचा नवरा गेला, कोण घर विकतंय. मी दोन-चार दिवस थांबायचे आणि डबा घेऊन जायचे. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारणी पिठलं-भात नेतात. इथे ही रीत कुणाला माहीत नाही. मी मऊ खिचडी न्यायचे, तिखट न घालता. ही बाई आपल्यासारखीच, तिचाही गेला, आणि ही जेवण घेऊन आली, असं त्यांना वाटायचं. त्या रडायच्या. मी पण रडायचे, ते खरं असायचं. आणि निघताना मी विचारायचे, "घरात बंदुका आहेत का? त्यांची काळजी नको करू, मी बघते."

W.T. म्हणजे वॉल्टर टेनंट. त्याची बायको मार्जरी, ऐंशीच्या पुढची. तिने खिचडी माझ्यासमोर खाल्ली, भांडं खरवडून. म्हणाली, "वॉल्टरला तू आवडली असतीस. जेवायला घालणारं कुणीही त्याला आवडायचं." मग त्याची लिव्हरवाली, खालचा दांडा ओढून भरायची रायफल दाखवली. मी भाव सांगितल्यावर तिने विचारलं, "हा भाव बरोबर आहे ना?" मी म्हणाले, "जुनी आहे, आता कोण घेतं." जायच्या आधल्या रात्री तशा रायफलला काय येतात ते मी कंप्युटरवर पाहून ठेवलं होतं.

लायसन्स तपासणं, प्रत्येक विक्रीसाठी सरकारकडून नंबर घेणं, कुलूप, पेटी, यात मी कधी चुकले नाही. त्यामुळे मला वाटायचं मी प्रामाणिक आहे. पण बंदुका घेऊन विकायचा धंदा करायचा तर वेगळं लायसन्स लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. प्रत्येक बंदूक नवऱ्याची म्हटली की धंदा दिसत नाही. घराची आवराआवर दिसते.

मी अकरावीला शाळा सोडलेली बाई. इंग्रजी शिकले ती इथल्या लायब्ररीतल्या जाड कादंबऱ्यांवर, एका हातात डिक्शनरी धरून. त्यातून मला कळलं होतं की वाचणाऱ्याला मोठं दुःख पटत नाही, लहान पटतं. म्हणून मी लहान लहान लिहायचे. ते घरी आल्यावर आधी हिला पुसायचे, मग चहा घ्यायचे. थंडीत बोटं आखडली की हिच्या लाकडावर चोळायचे. पहिलं हरीण हिने पाडलं. माझ्या जाहिरातींत बाबांनी पहिलं हरीण पाच वेळा पाडलं. खरं पाडलं तेव्हा ते रात्री जेवले नव्हते, ते मी कुठेच लिहिलं नाही.

तू म्हणशील, पैशाची गरज होती का? नव्हती. पेन्शन येते, घर फिटलेलं आहे. नफा झाला की बरं वाटायचं, हे खरं. तुझे बाबा असताना मी एकटीने काही केलं आणि ते जमलं, असं कधी झालं नव्हतं. पण तेवढंच नाही. लोक उत्तरं लिहायचे. ‘तुमच्या पतीबद्दल वाईट वाटलं.’ ‘माझे वडीलही असेच होते.’ ‘कसा माणूस होता तो?’ इथे बाबा गेल्यावर महिनाभर लोक विचारत होते. मग कोविड आला, मग कुणी विचारलं नाही. तू सुद्धा फोनवर विचारायचीस, "आई, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला का?" जाहिरात टाकली की ते पुन्हा नुकतेच गेलेले व्हायचे. मी रात्री बसून एकेकाला उत्तर द्यायचे.

यामुळे खोटं कमी होतं असं मी म्हणत नाही.

मागच्या पत्रातली सकाळ मात्र खरी आहे. ते फोडणीचं वाक्य त्यांनी त्याच दिवशी म्हटलं की दुसऱ्या कुठल्या, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. तू विचारलंस, कशावर विश्वास ठेवायचा. मलाही हल्ली लिहिताना थांबावं लागतं.

आई

३ डिसेंबर

केया,

गॉर्डनचा फोन आला होता. "इज धिस रवीज वाइफ?" असं सुरू केलं. मला वाटलं त्याला कळलं. कळलं नव्हतं. तू त्याला काही सांगितलं नाहीस. त्याने चहाला बोलावलं होतं आणि नाही म्हणायला मला काही सुचेना. काल गेले, सगळं सांगून टाकायचं ठरवून.

त्याच्या बायकोने लेमन लोफ केला होता. "नो बीफ," ती म्हणाली, "आय चेक्ड." केकमध्ये बीफ कशाला असेल, पण तिने कुणाला तरी विचारून खात्री केली होती. ती ठेंगणी, गोल, सतत उठून काहीतरी आणणारी बाई आहे. मी दोन तुकडे खाल्ले.

गॉर्डन मला आतल्या खोलीत घेऊन गेला. त्याने रायफलच्या लाकडावर एक पितळी पट्टी बसवून घेतली आहे. RAVI, ARNPRIOR. W.T. च्या बरोबर वर. म्हणाला, "आधी कुणाची होती त्याचं नाव आहे, मग तुझ्या माणसाचं का नको?" मी बोट फिरवलं. म्हणाले, "व्हेरी नाइस." केया, मी हे म्हणाले.

मग तो तुझ्याबद्दल बोलला. तू आलीस तेव्हा त्या लाकडावर बराच वेळ हात ठेवून उभी होतीस म्हणे. त्याला वाटलं तुला भरून आलं. तो बायकोला खूण करून किचनमध्ये गेला, तुला वडिलांबरोबर जरा एकटं राहता यावं म्हणून. तू बाहेर आलीस, दोघांचे आभार मानलेस, त्यांनी दिलेला जॅम घेतलास. तिथे तू माझी अब्रू झाकलीस. ज्या क्षणी तुला कळलं, त्याच क्षणी झाकलीस. मला ते त्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

"तिने कोर्सला नाव घातलं का?" त्याने विचारलं. मी म्हणाले, घालेल. "सावकाश," तो म्हणाला, "तोवर मी सांभाळतो."

परत येताना हायवेवर मी गाडी कडेला घेतली. सांगायला गेले होते आणि लेमन लोफ खाऊन आले.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. बाबांची कुणी घेतली ते आठवत नाही असं मी लिहिलं. आठवतं. त्याचं नाव डेल. पेमब्रोकला राहतो, घरांच्या भिंतींचं ड्रायवॉलचं काम करतो. पत्ता माझ्याकडे आहे. सुरुवातीपासून होता.

बाबा गेले त्या वर्षी तू फोनवर म्हणाली होतीस, "आई, होल्ड ऑन टू इट, मी कोर्स करते." मी हो म्हणाले होते. पण वॉशिंग मशीन बेसमेंटमध्ये, आणि रायफलचं कपाट मशीनच्या समोर. कपडे टाकायला गेले की ते. काढायला गेले की ते. तू लायसन्स काढेपर्यंत वर्ष गेलं असतं. मी जाहिरात टाकली. ‘रायफल. चालू स्थितीत.’ बाकी काही नाही. फोटोखाली शर्ट नव्हता, आपला जुना टेबलक्लॉथ होता. कुणी विचारेना. भाव दोनदा उतरवला. मग डेल आला.

तो दारातच उभा राहिला, पायपुसण्यावर, बुटांना चिखल होता म्हणून. आत ये असं मी म्हणाले नाही. त्याने रायफल हातात घेतली, उघडझाप करून पाहिली आणि विचारलं, "हूज वॉज इट?"

मी म्हणाले, "नोबडीज. घर घेतलं तेव्हा बेसमेंटमध्ये पडलेली होती."

तो म्हणाला, "ओके."

बाबांची आहे असं तोंडातून निघालं असतं तर मी ती दिली नसती, एवढंच मला कळत होतं. आणि द्यायची तर होती. म्हणून तसं म्हणाले. नंतर इतक्या परक्या बंदुका मी त्यांच्या नावावर विकल्या, आणि जी त्यांची होती ती कोणाचीच नाही म्हणून दिली. तू डेलकडे गेली असतीस तर त्याने तुला हेच सांगितलं असतं. म्हणून मला आठवत नव्हतं.

आता यापुढे लपवायला काही नाही. एक करायचं राहिलं आहे, ते करून मग लिहीन.

आई

११ डिसेंबर

केया,

शनिवारी गॉर्डनकडे गेले. फोन करून गेले, म्हणजे मागे फिरता येऊ नये. रस्ताभर इंग्रजी वाक्य जुळवत होते. चांगली वाक्यं सुचत होती, ती सगळी टाकून दिली. चांगली वाक्यं लिहूनच इथवर आले होते.

दोघंही बाहेर आले. बर्फ पडायला लागला होता, ती म्हणाली आत या, आत या, तुमच्यासाठी चहा ठेवलाय आलं घालून. मी कोट न काढता म्हणाले की ही रायफल रवीची नव्हती. एका वॉल्टर टेनंटची होती, त्याच्या बायकोला फसवून मी स्वस्तात घेतली आणि नवऱ्याचं नाव सांगून तुम्हाला महाग विकली. आणखीही विकल्या. त्यातली एकही रवीची नव्हती.

 मग त्याची बायको म्हणाली, "बट द शर्ट?"

"शर्ट त्यांचा होता," मी म्हणाले.

ती रडायला लागली. गॉर्डन तिच्याकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. म्हणाला, "तुझी जाहिरात मी हिला वाचून दाखवली होती. ही तेव्हाही रडली होती. चर्चमध्ये मी चार लोकांना सांगितलंय." मग म्हणाला, "तुझ्या मुलीला त्या दिवशीच कळलं ना? इथे उभी होती तेव्हा?"

मी हो म्हणाले.

"पुअर किड," तो म्हणाला.

मी पैसे परत द्यायला काढले. त्याने हात मागे घेतला. "आय डोन्ट वॉन्ट युअर मनी." मी म्हणाले, मग मी ते मार्जरीला नेऊन देते, तिची माफी मागते. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. म्हणाला, "तिला फोन मी करीन. तिच्या घरात कुणाला ही बंदूक हवी आहे का ते मी विचारीन. पैसे टपालाने पाठव. तू तिच्याकडे जायचं नाहीस. यू हॅव व्हिजिटेड इनफ."

हे बरोबरच होतं. मी मान हलवली.

निघताना त्याच्या पायऱ्यांवर बर्फाखाली काचेसारखा निसरडा थर झाला होता. तो कोट न घालताच बाहेर आला, माझं कोपर धरून मला गाडीपर्यंत नेलं, दार उघडलं, मी बसेपर्यंत थांबला.  आत गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी घरापर्यंत नीट गाडी चालवली असती.

बाकीचं गेल्या आठवडाभरात केलं, ते थोडक्यात. दोन बंदुका घरात होत्या, त्या लायसन्सवाल्या दुकानात नेऊन दिल्या. जाहिराती मला पुसता येत नाहीत, पण साइटवाल्यांना लिहिलं आहे की त्या खोट्या आहेत, काढून टाका. बंदुकांच्या सरकारी कार्यालयाला फोन करून मी काय करत होते ते सांगितलं. तिथल्या बाईने दोनदा विचारलं, तुम्ही स्वतःबद्दलच बोलताय का? कुणीतरी परत फोन करील म्हणाली. माझं कार्ड जाईल बहुधा. आणखी काय होईल ते होईल. शंतनुला सांग, वकील वगैरे शोधू नकोस, आधी ते काय म्हणतात बघू.

ज्या बायकांकडून घेतल्या, त्यांतल्या ज्या अजून इथे आहेत त्यांना पत्रं लिहिते आहे, चेक घालून. एकीने परत पाठवला, ‘तू नेल्यास याचंच मला बरं वाटलं होतं’ असं लिहून. ते वाचून बरं वाटायला लागलं म्हणून मी ते पुन्हा वाचलं नाही.

लायब्ररीत सांगितलं की आता येणार नाही. कारण विचारलं तर सांगितलं. डेस्कवरची मुलगी म्हणाली, "ओह."  मी माझी तीन पुस्तकं परत केली आणि आले.

तू फोन कर असं मी म्हणत नाही. एवढंच, की तू विचारलं होतंस, बाबांबद्दल मी जे सांगते त्यातलं खरं काय.  तुला त्यांच्याबरोबरच्या ज्या सकाळी आठवतात त्या तुझ्या आहेत, त्यात मी कुठे नाही, त्या तशाच ठेव. माझ्या सांगण्याशी ताडून बघू नकोस.

गॉर्डनकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी पेमब्रोकला गेले. डेल गॅरेजमध्ये ट्रकखाली होता. त्याला मी आठवले नाही. मी रायफल म्हटल्यावर म्हणाला, "ओ, द बेसमेंट वन." मी त्याला म्हणाले की ती बेसमेंटमध्ये पडलेली नव्हती, माझ्या नवऱ्याची होती, त्याचं नाव रवींद्र, आणि मला ती विकत परत हवी आहे, तो म्हणेल त्या भावाने. त्याने फडक्याला हात पुसले. म्हणाला, "नो, मॅम. सॉरी. तिचा नेम सरळ आहे, यंदाचं हरीण तिनेच पाडलं." मी आणखी काही मागितलं नाही. तोच म्हणाला, हवं तर हातात घेऊन बघ. आत जाऊन घेऊन आला, रिकामी आहे ते उघडून दाखवलं आणि माझ्या हातात दिली. मी तिचं लाकूड पाहिलं, पट्टा पाहिला, उलटी करून पाहिली, नाकाजवळ नेली. मला ती ओळखता आली नाही. मी ती त्याला परत दिली, थँक यू म्हणाले आणि घरी आले.

आई